सात नंबरचा शेजार

वाळू गोजरने वरच्या रस्त्यावर शेणखताच्या तीन ट्रॉल्या ओतल्या त्या शनिवारी संध्याकाळी. रस्ता माझ्या सातबाऱ्यातून जातो, असं त्याचं म्हणणं होतं. तसं ते तो गेली बावीस वर्षं म्हणत होता, पण नुसतं तोंडाने. यंदा त्याचा चुलतभाऊ दामू गोजर याने बांधावरचा साग तोडला आणि वाळूच्या म्हणण्याला ट्रॅक्टर जोडला गेला.

दामूचा मुलगा रूपेश याला ही बातमी रविवारी सकाळी नऊला कळली. साडेनऊला त्याचं गिऱ्हाईक येणार होतं.

रूपेश प्लॉट विकायचा. जमीन त्याची नव्हे, कल्याणच्या एका बिल्डरची. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या अलीकडे जांभूळटेप नावाचं गाव लागतं. तिथल्या उतारावर चुन्याच्या रेघा मारून बिल्डरने नऊ प्लॉट पाडले होते आणि त्याला 'सिद्धगड व्ह्यू' असं नाव दिलं होतं. सिद्धगड तिथून दिसतो हे खरं आहे. पावसाचे चार महिने आणि धुक्याचे दोन तेवढे सोडायचे.

उताराच्या वरच्या अंगाला गोजर आळी, खालच्या अंगाला बौद्धवाडी आणि मधोमध हे प्लॉट. वरच्या कडेचे सात, आठ, नऊ हे तीन सगळ्यात महाग. जसजसं खाली बौद्धवाडीकडे जावं तसतसा भाव उतरत जायचा. माती तीच, पाणी तर खालीच जास्त. तरी भाव का उतरतो हे कुणी विचारायचं नाही आणि रूपेशने सांगायचं नाही, अशी रीत होती.

गिऱ्हाईक आणायचं ते वरच्या रस्त्यानेच, हा रूपेशचा धंद्यातला पहिला नियम. त्या रस्त्याला आधी मारुतीचं देऊळ लागतं. देऊळ दिसलं की गिऱ्हाईक गाडीतूनच हात जोडतं आणि मग पुढचे गोजर आळीचे उकिरडे त्याला अस्सल गावाकडचे वाटू लागतात. कुणी कुणी तर उकिरड्याचे फोटोही काढून नेले होते.

आता राहिला सात नंबर. हा प्लॉट महेंद्र उघडेला हवा होता. महेंद्र बौद्धवाडीतला, मुरबाडला बँकेत नोकरीला. पैसे तयार होते, नकाशा तयार होता, आणि हट्ट त्याच्या आईचा होता. लक्ष्मीने त्या तुकड्यात तीस वर्षं मजुरीने भाताची लावणी केली होती. तिचा नवरा सोमा त्याच बांधावर भाकरी खाताना गेला. घर बांधीन तर तिथंच, नाहीतर आहे ते काय वाईट आहे, असं ती म्हणायची.

"बुक हाय रे तो," रूपेश दोन वर्षं सांगत होता.

"कुणी केला बुक?"

"पुण्याची पार्टी हाय."

सहा महिन्यांनी विचारलं तर ती पार्टी नाशिकची झालेली असे. मग रूपेशलाच कसंनुसं व्हायचं. "मला काय प्रॉब्लेम नाय रे महेंद्र. आपण एका बाकावर बसलेलो. पण गिऱ्हाइकाचं काय सांगता येत नाय." आणि गिऱ्हाइकाला खोदून विचारलं तर ते म्हणायचं, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही, पण उद्या विकायची वेळ आली तर पुढचा काय म्हणेल? ज्याला खरोखर प्रॉब्लेम होता तो माणूस जांभूळटेपात अजून कुणी पाहिला नव्हता. पण भाव ठरायचे ते त्याच्याच मर्जीने.

तर साडेनऊला ठाण्याची गाडी आली. दीपेश आणि अक्षदा कर्णिक. नवरा-बायको दोघंच असले तरी गिऱ्हाईक मोठं होतं, कारण ते सहा कुटुंबांच्या वतीने जागा बघायला आले होते. सहा जणांचा एक ग्रुप होता आणि अक्षदाने हो म्हटलं की बाकीचे पाच फोनवर होकाराचा अंगठा टाकायचे. बिल्डरने रूपेशला या महिन्याचीच मुदत दिली होती. नाही विकले तर दुसरा एजंट बघतो म्हणाला होता.

"आज खालून जाऊ," रूपेश गाडीत बसत म्हणाला. "वरती जरा कामं चाललीत." बौद्धवाडी आली की सिद्धगडाकडे बोट दाखवायचं आणि तिथून नजर हलू द्यायची नाही, असं त्याने ठरवलं.

पण अक्षदाने सिद्धगडाकडे पाहिलंच नाही.

"थांबवा जरा," ती म्हणाली. "किती सुंदर आहे हे. रिसॉर्ट आहे का?"

बौद्धवाडीत आता दोन पिढ्या नोकरदारांच्या झाल्या होत्या. रस्त्याला पेव्हर ब्लॉक, दारोदारी जास्वंद, फाटकांवर पाट्या. एकावर निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्यावर परिचारिका. एक अभ्यासिका होती, तिच्यात रविवारीही पोरं पुस्तकात डोकं घालून बसलेली. आणि टोकाला पांढरंशुभ्र विहार, दारातून दिसणारी बुद्धाची शांत मूर्ती.

"लोक राहतात इथं," रूपेश म्हणाला.

"आणि मेडिटेशन सेंटरपण आहे?" अक्षदाने विहाराकडे बघत विचारलं. "दीपेश, बघ ना, आपल्या हॉलमध्ये अशीच मूर्ती आहे. फक्त आपल्या मूर्तीच्या खालून पाणी वाहतं."

महेंद्र ओट्यावर पेपर वाचत बसला होता. पाहुणे दिसल्यावर उठून आला, बसा म्हणाला. लक्ष्मीने ताक आणलं. दीपेश दहा मिनिटं महेंद्रशी घरबांधणीच्या व्याजदरांबद्दल बोलला आणि निघताना त्याला 'सर' म्हणू लागला. रूपेश सगळा वेळ फाटकाशी उभा राहून घाम पुसत होता.

मग मंडळी प्लॉटवर आली आणि तिथून प्रथमच, मारुतीचं देऊळ मधे न येता, गिऱ्हाइकाला गोजर आळी दिसली. पुढे उकिरडे होतेच. त्यांच्या पलीकडे रस्त्यातल्या शेणखताच्या ढिगावर दामू फावडं घेऊन उभा होता आणि खालून वाळू त्याच्या तीन पिढ्यांचा हिशेब मोठ्या आवाजात मांडत होता. सात नंबरच्या खुंटीला कुणीतरी म्हैस बांधली होती. अक्षदाने आवाज खाली आणला, इस्पितळात आणतात तसा.

"ती वस्ती कुणाची हो?"

"कुठली?"

"ती वरची."

तिथल्या पहिल्याच घरासमोर रूपेशचा स्वतःचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा वाळत होता. "जुनी वस्ती हाय," तो म्हणाला.

"म्हणजे त्यांचीच ना?"

या 'त्यांची'चा अर्थ रूपेशला पक्का ठाऊक होता. दोन वर्षं तो गिऱ्हाइकांना याच शब्दाला वळसा घालून फिरवत होता. फक्त आजवर तो शब्द उताराच्या खालच्या बाजूला असायचा. आता 'ती आमची आळी, तो माझा बाप' म्हणावं तर सहा प्लॉट हातचे जाणार. न म्हणावं तर बाप जाणार. रूपेश म्हणाला, "गावात सगळेच असतात, मॅडम."

"आम्हाला काही प्रॉब्लेम नाही," दीपेश घाईघाईने म्हणाला. "पण आम्हाला खालचे सहा द्या, त्या छान आळीला लागून. आणि वरच्या बाजूने भिंत घालून घ्या. आठ फूट तरी हवी."

बिल्डरला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी थट्टा समजला. मग त्याने भावांचा तक्ता मागवला आणि तोच उलटा करून लावायला सांगितला. जे प्लॉट पडून होते त्यांना वरचा भाव आला आणि मिरवायचे तीन प्लॉट सगळ्यात स्वस्त झाले. आठवड्याच्या आत भिंतीच्या विटा पडल्या.

"ही भिंत कशाला रे?" दामूने मुलाला विचारलं.

"ठाण्याच्या लोकांना पाहिजे."

"मग खालच्या अंगाला घाल ना. आमच्या अंगाला कशाला?"

रूपेशने इकडे तिकडे पाहिलं. सांगावं तर लागणारच होतं. "बाबा, त्यांना वाटतंय आपण ते आहोत."

"ते म्हंजे कोण?"

रूपेशने बौद्धवाडीकडे मान वळवली. दामूच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. उभ्या हयातीत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. त्या दिवशी तो जेवला नाही. त्याची बायको भागी ताट झाकून ठेवत म्हणाली, "एवढं लागतं होय?" ती कुणाबद्दल बोलली हे त्याने विचारलं नाही.

संकटाने गोजर आळी एक झाली. दामू आणि वाळू यांनी बावीस वर्षांनी एकत्र फावडं धरलं आणि सोमवारी रस्ता मोकळा केला. ठाण्याच्या लोकांना देवळावरून आणा, आपोआप कळेल, असा वाळूचा सल्ला. रूपेशने पुढल्या रविवारी अख्ख्या ग्रुपला देवळावरून आणलं. "मंदिरसुद्धा छान ठेवलंय हं त्यांनी," अक्षदा बाकीच्यांना म्हणाली.

मग दामूच स्वच्छ टोपी घालून प्लॉटवर गेला.

"मॅडम, तुमचा काहीतरी घोळ झालाय," तो म्हणाला. "आमी गोजर. गावचे मूळचे. आमच्या आजाकडे पाटीलकी होती. तुमी समजताय तसले आमी नाय."

अक्षदाचा चेहरा एकदम मऊ झाला. "काका, हे सांगायची काहीच गरज नाही. आम्ही असलं काही मानत नाही."

"अवो पण खरंच आमी..."

"तुम्ही स्वतःला कमी समजू नका."

दामूने आयुष्यात स्वतःला कमी समजलं नव्हतं. त्याने जातीचा दाखला आणून दाखवतो म्हटलं, तेव्हा दीपेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं गाडीकडे वळले आणि दामूच्या कानावर एवढंच आलं, "पिढ्यान् पिढ्यांचं असतं गं ते."

सहा प्लॉट ठरले. खरेदीखताच्या दोन दिवस आधी अक्षदाने मेख मारली. वरचे तीन मोकळेच राहिले तर तिथे कोण येईल? स्वस्त झालेत, भिंतीपलीकडचेच कुणी घेतील.

"सात नंबरला एखादं चांगलं कुटुंब पाहिजे," ती रूपेशला म्हणाली. "ते खालचे सर घेतील का? सर आले तर आम्ही सही करतो."

रूपेश त्याच संध्याकाळी बौद्धवाडीत गेला. लक्ष्मी ओट्यावर वाल सोलत होती.

"महेंद्र, सात नंबर घेतोस का रे?" तो म्हणाला.

"पुण्याच्या पार्टीचं काय झालं?" लक्ष्मीने विचारलं.

"ती गेली."

"आणि नाशिकची?"

"ती पण गेली, काकू." रूपेश खाली बघत म्हणाला. "चुकलंच माझं."

लक्ष्मी वाल सोलत राहिली. महेंद्रने भाव विचारला, तो ऐकून त्याला हसू आलं, मग लगेच गेलंही. "त्यांना माहीत हाय ना, आमी कोण ते?"

"त्यांनी विचारलं नाय."

"मग मी सांगणार. लपवून घर बांधायचं नाय मला."

"आता नको रे," रूपेश काकुळतीला आला. "सह्या झाल्यावर सांग."

पण महेंद्रने खरेदीखताच्या दिवशी मुरबाडला, नोंदणी कार्यालयाच्या दारातच सांगून टाकलं. "एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही बौद्ध आहोत."

"हो, ते कळलंच की मला," अक्षदा आनंदून म्हणाली. "माझी एक मैत्रीणपण आता बौद्ध झाली आहे, रोज पहाटे जप करते. मी स्वतः दहा दिवसांचं शिबिर केलंय, एक शब्द न बोलता."

महेंद्रने आणखी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून नाव पुकारलं. सहाही कुटुंबांच्या सह्या झाल्या. सातवी महेंद्रची.

प्लॉट आपला झाल्यावर लक्ष्मी तिथे पहिल्यांदा गेली ती अनवाणी. कुठे पाणी साचायचं, कुठे रोप लवकर धरायचं, कुठे सोमा बसलेला होता, सगळं तिने सुनेला दाखवलं. तिला रडू आलं आणि तिने ते पदराआड घेतलं नाही. मग डोळे पुसून तिने गवंड्याला बोलावलं. "ओटा वरच्या अंगाला काढ. आणि आमच्यासमोरची भिंत नको. मला विटा बघत नाय बसायचं."

वर्षभराने घर उभं राहिलं. ग्रुपमधल्या चौघांची बांधून झाली, दीपेशचं रंगाला आलं होतं. महेंद्रने गृहप्रवेशाला सगळ्यांना बोलावलं. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, वालाच्या बिरड्याच्या वासाने सगळे आत सरकले, आणि आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, हार घातलेला. बाजूला सोमाचा. दीपेशच्या हातातला सरबताचा ग्लास तोंडाशी जाता जाता थांबला. त्याने रूपेशला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"हे आम्हाला सांगायला नको होतं का?"

"मी सांगितलं होतं," मागून महेंद्र शांतपणे म्हणाला. तो ताटं घ्यायला आला होता. "वहिनी म्हणाल्या, त्यांची मैत्रीण पण हाय."

दीपेश लाल झाला. महेंद्र ताटं घेऊन गेला.

"नाही, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही," दीपेश रूपेशला म्हणाला. "पण लोकांना कळलं तर?"

"मग सांगा ना लोकांना," रूपेश म्हणाला. वर्षभरात तोही बरंच शिकला होता. "सांगा, आणि मग तुमच्या बंगल्याचा भाव काय ऱ्हातो ते पण बघा. आता तुमी गिऱ्हाईक नाय, साहेब. मालक आहात."

दीपेशने हातातलं सरबत संपवलं. मग आत जाऊन जेवला. संध्याकाळी अक्षदाने बिरड्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, असे शेजारी मिळायला नशीब लागतं. यातलं अर्धं भावासाठी होतं आणि अर्धं खरोखर बिरड्यासाठी. कुठलं अर्धं कुठलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण त्यानंतर जांभूळटेपच्या शेजाराची तारीफ तिच्याइतकी कुणी केली नाही. तिच्या आतेबहिणीने, आतेबहिणीच्या नणंदेने जागा विचारायला सुरुवात केली आणि पडून राहिलेल्या आठ-नऊ नंबरचाही भाव चढला.

लगोलग सोसायटी झाली. नवा माणूस अध्यक्षाच्या सहीशिवाय घ्यायचा नाही, असा नियम दीपेशने भिंतीपलीकडचे लोक डोळ्यांपुढे ठेवून घालून घेतला. अध्यक्ष रोज गावात असणारा हवा आणि कागदपत्रं समजणारा हवा. असा माणूस एकच होता. महेंद्रने नको म्हटलं तरी टाळ्या वाजल्या.

त्याच सुमाराला दामूच्या धाकट्याचं लग्न जमत होतं. मुलगी शहापूरची. तिच्या मामाने बैठकीत सुपारी कातरता कातरता विचारलं, "घर वरच्या आळीत हाय का सिद्धगड व्ह्यूत?" बाकीचं बोलणं तिथंच अडलं. दामूने आठ दिवस पैशांची जुळवाजुळव केली. नवव्या दिवशी त्याने रूपेशकडून आठ नंबरचा अर्ज लिहून घेतला.

रविवारी सकाळी तो सात नंबरच्या ओट्यावर आला. ओटा वरच्या आळीसमोर, भिंत मधे नाही, त्यामुळे तो आल्याचं आळीत कुणाला सांगावं लागलं नाही. भागी सूप हातात धरून दारात उभी राहिली. वाळू विडी पेटवायची विसरला.

"बसा काका," महेंद्र म्हणाला. अर्ज वाचून त्याने समोरच्या तिपाईवर ठेवला. पेन खिशातच होतं.

लक्ष्मीने दोन कप चहा आणला. सारखेच कप, सारखीच बशी. दामूच्या शेतावर तिच्यासाठी वेगळा कप असायचा, गोठ्याच्या खुंटीला टांगलेला, कानाचा टवका उडालेला. तो कप तिनेच धुवायचा आणि तिनेच परत टांगायचा, आणि दामू वरून चहाची धार धरायचा. तीस वर्षांत तो उघड्यांच्या घरची पायरी चढला नव्हता. हे त्या ओट्यावर तिघांनाही ठाऊक होतं.

दामूने चहाकडे पाहिलं. मग आळीकडे पाहिलं. आळीने त्याच्याकडे पाहिलं. चहावर साय धरू लागली.

"निवेल," लक्ष्मी म्हणाली.

दामूने कप उचलला. पहिला घोट चोरट्यासारखा घेतला, दुसरा जरा मोठा, आणि मग बशीत ओतून सगळा प्यायला. रिकामा कप खाली ठेवला. महेंद्रने खिशातून पेन काढलं आणि सही केली.

दामू अर्ज घडी करून निघाला तेव्हा लक्ष्मी आत वळली. दोन्ही कप तिने एकाच पाण्यात धुतले. हात पुसले. तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि थोडा रागही आला, की एवढ्याशा गोष्टीला तीस वर्षं आणि एक मामा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच वाळू गोजर नऊ नंबरचा अर्ज घेऊन ओट्यावर हजर झाला. महेंद्र आंघोळीला गेला होता. लक्ष्मीला तो जन्मभर 'सोमाची' म्हणत आलेला.

"सही सावकाश होऊ दे," त्याने खुर्ची ओढत आत हाक दिली. "लक्ष्मीवैनी, माझ्या चहात साखर कमी घाला."

लक्ष्मीने आधण ठेवलंच नाही. तिने सावकाश अंगण झाडलं, जास्वंदीला पाणी घातलं, सुनेशी बाजाराचं बोलली. वाळू अख्ख्या आळीसमोर पाऊण तास ओट्यावर बसून होता, आणि उठला नाही.